एक बाद मत

फेबियन लोपीस आणि हरेश चुरी एकाच स्कूटरवरून फाटकाशी येऊन थांबले, तेव्हाच लुसी तुस्कानो यांना कळलं की काम साधंसुधं नाही. दोघं निर्मळचे, दोघं फुलांचे बागायतदार, आणि दोन वर्षांपासून दोघांत बोलाचाली बंद आहे हे पार त्यांच्या गास गावापर्यंत ठाऊक होतं. हरेश स्कूटर चालवत होता, फेबियन मागे बसला होता, आणि मधे तिसरा माणूस मावेल एवढी जागा दोघांनी कसोशीने राखली होती.

"एकटा आलो असतो तर दुसरा म्हणाला असता, ह्याने आधी जाऊन मॅडमचे कान भरले," खुर्चीवर टेकत फेबियन म्हणाला. "म्हणून जोडीनं."

"पेट्रोल माझं," हरेश म्हणाला.

लुसीबाईंची धाकटी बहीण लविना हसू दाबत सरबत करायला आत गेली.

गोष्ट अशी होती. निर्मळमध्ये फूलबागायतदारांचं एक मंडळ होतं. रोज सकाळी मंडळाचा टेम्पो सगळ्यांच्या करंड्या गोळा करून दादरच्या फूलबाजारात जायचा. पहिल्या खेपेला ज्याची करंडी चढली त्याचा मोगरा कळीचा पोहोचायचा, दुसऱ्या खेपेपर्यंत थांबला त्याचा उमलून जायचा आणि भाव पडायचा. कोणाची करंडी कुठल्या खेपेला, हे अध्यक्ष ठरवायचे. बारा वर्षं तुळशीदासकाका अध्यक्ष होते. आता त्यांचे गुडघे बोलू लागले होते आणि त्यांनी हात जोडले होते. गादीवर फेबियनचा डोळा होता आणि हरेशचाही. निवडणूक घ्यायची तर घेणार कोण? फेबियनने सुचवलेला माणूस हरेशला चालेना, हरेशने सुचवलेला फेबियनला.

"तुमच्या नावावर मात्र दोघं एकदम हो म्हणालो," हरेश म्हणाला. "मतमोजणीचं सरकारी पुस्तक तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं," लुसीबाई म्हणाल्या. "पण मी घेतली तर मतदार यादीपासून निकालापर्यंत सगळं मी बघणार. नियम आठवडाभर आधी फळ्यावर लागतील. एकदा लागले की त्यात काना-मात्रा बदलणार नाही, तुमच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही."

दोघांनी माना डोलावल्या. जाताना हरेश मागे बसला.

ते गेल्यावर लविना म्हणाली, "चाळीस वर्षं निवडणुकांवर बोलतेयस, लिहितेयस. स्वतः एकदा तरी घेतलीयस का गं?"

लुसीबाईंनी आठवून पाहिलं. नव्हती घेतली.

राज्यशास्त्र हा विषय त्यांनी निवडला तेव्हा वडिलांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "त्यात राज्य कोणाचं, ते शिकवतात का?" वडील केळीची बाग करायचे आणि भाजी सायकलला बांधून गावोगाव विकायचे. मुलगी एम.ए. झाली, विरारच्या एका कॉलेजात शिकवू लागली, तेव्हा त्यांनी नवी सायकल घेतली आणि तिच्या घंटीचा आवाज सगळ्या आळीला ऐकवला. लुसीबाईंनी तिथे अकरा वर्षं शिकवलं. ग्रामपंचायतीतल्या बायकांवर पीएच.डी. केली. त्यासाठी चांदीपपासून अर्नाळ्यापर्यंत गावं पालथी घातली, ओसऱ्यांवर बसून बायकांशी बोलल्या, आणि तो प्रबंध वाचून मंत्रालयातल्या कोणी तरी त्यांना बोलावणं धाडलं. स्थानिक निवडणुकांचे नियम सोपे करण्यासाठी समिती नेमली होती. तिच्या सदस्य-सचिव म्हणून वर्षभरासाठी म्हणून गेलेल्या लुसीबाई सरकारात सोळा वर्षं राहिल्या. सहा मुंबईत, दहा दिल्लीत.

सरकारातले दिवस त्यांना आवडले होते. कॉलेजात प्रश्न विचारला की वर्गात हात वर व्हायचे, मंत्रालयात प्रश्न विचारला की फाईल खाली जायची, असं त्या गमतीने म्हणत. पण कधी कधी ती फाईल वरही यायची, आणि आपण सुचवलेला एखादा शब्द कुठल्या तरी तालुक्यातल्या शाळेत, मतदान केंद्राच्या भिंतीवर चिकटलेला दिसायचा. त्याचं सुख वेगळंच होतं. पुढे त्या शिकवण्याकडे परतल्या, विद्यापीठात विभागप्रमुख झाल्या, त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. ग्रंथाच्या चारशे प्रती खपल्या. मतमोजणीची पुस्तिका मात्र गावोगावच्या मास्तरांच्या आणि तलाठ्यांच्या हाती गेली, आणि तिच्यावर त्यांचं नावही नव्हतं. ह्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

एकच गोष्ट सलत होती. त्या समितीत एका नियमावरून त्यांचं अध्यक्षांशी वाजलं होतं. मतपत्रिकेवर शिक्क्याऐवजी कोणी अंगठा उठवला तर काय करायचं? लुसीबाई म्हणाल्या होत्या, जिने जन्मभर अंगठाच उठवला तिचं मत बाद करणं हा तिचा अपमान आहे, कोणाला मत दिलंय ते स्पष्ट दिसत असेल तर ते मोजा. अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते, मितभाषी. ते म्हणाले होते, "मत मोजलं जावं हे तुम्ही बघताय. ते कोणाचं, हे कळलं तर संध्याकाळी तिच्या दारात कोण जाऊन उभं राहील, हे मी बघतोय." लुसीबाईंनी आपला विरोध लेखी नोंदवला. बाकी सगळे अध्यक्षांच्या बाजूचे निघाले. शेवटी सचिव म्हणून तो नियम शुद्ध, सोप्या मराठीत लिहायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

निर्मळचं काम हाती आलं तसं त्यांनी आधी मंडळाची जुनी घटना मागवली. चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी सुंदर अक्षरात लिहून काढलेली ती वही होती. तिसऱ्याच पानावर एक वाक्य होतं: 'जो कोणी बाग राखतो, तो मंडळाचा सभासद.' लुसीबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मग सभासदांची यादी शेजारी ठेवली. एकशे अडुसष्ट नावं. त्यातली बारा माणसं वारली होती, एकोणीस कॅनडात नाहीतर आखातात होती. उरलेल्यात बाई एकही नव्हती.

त्यांनी जागृतीला फोन केला. जागृती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच विरारच्या कॉलेजात शिकवत होती. "उद्या उजाडता उजाडता निर्मळला ये," त्यांनी सांगितलं. "यादी करायची आहे."

"इतक्या सकाळी, मॅडम? लोक घरी तरी भेटतील का?"

"घरी नाही, बागेत भेटायचंय."

तीन दिवस रोज सकाळी दोघी बागा-बागांतून फिरल्या. जिथे माणूस दिसेल तिथे एकच प्रश्न: इथली फुलं कोण खुडतं, पाणी कोण लावतं? बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायला ओच्यात कळ्या भरलेली बाई उभी असायची. देवळाकडच्या वाटेवर रखमाबाईंची मोगऱ्याची बाग होती. वय ऐंशीच्या पलीकडे, कंबरेत वाकलेल्या, पण बोटं अशी चालायची की कळीला खुडल्याचं कळू नये.

"माझं नाव कशाला?" त्या म्हणाल्या. "माझ्या नातवाचं, मयूरचं हाय की यादीत."

"मयूर फुलं खुडतो?"

"तो?" रखमाबाई हसल्या. "त्याला मोगरा नि कुंदा येगळा न्हाय कळत. तो हापिसात जातो."

"मग घटनेप्रमाणे सभासद तुम्ही."

रखमाबाईंनी हातातल्या कळ्या करंडीत टाकल्या आणि हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "सही करावी लागंल का? मला येते. नातीनं शिकवलीय."

नवी यादी दोनशे चौदा नावांची झाली. ती लागली त्या दिवशी फळ्यापाशी बरीच आरडाओरड झाली. हरेश म्हणाला, बायका घुसवल्या. फेबियन म्हणाला, कॅनडावाले वगळले, त्यात माझा सख्खा भाऊ. लुसीबाईंनी दोघांपुढे घटनेची वही उघडून ते एक वाक्य दाखवलं. हरेशच्या बायकोचं नाव यादीत होतं, फेबियनच्या आईचंही. घरी गेल्यावर दोघांना काय ऐकावं लागलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशीपासून यादीबद्दल चकार शब्द निघाला नाही. यादीशेजारीच नियमांचा कागद लावला होता. सगळे नियम पुस्तिकेतलेच, अंगठ्याचं मत बाद हा सातवा.

मतदान रविवारी ठेवलं, चर्चमधली सकाळची मिस्सा आणि देवळातली आरती दोन्ही आटोपल्यावर. मंडळाच्या सभागृहात कोपऱ्यात चादर बांधून आडोसा केला, आत टेबलावर शिक्का आणि निळ्या शाईचं पॅड. हरेशची खूण करंडी, फेबियनची सायकल. बोटाला शाई लावायची गरज वाटली नाही, सगळे सगळ्यांना ओळखत होते. जागृती नोंदवहीत सह्या घेत होती. लोक नटूनथटून आले होते. बायका तर घोळक्याने आल्या, चादरीआड एकेकीने जायचं आहे हे ऐकून खुसुखुसु हसल्या, आणि आत गेल्यावर मात्र गंभीर झाल्या. रखमाबाईंनी सही करायला पुरती दोन मिनिटं घेतली. मागे रांग खोळंबली तरी कोणी कुरकुर केली नाही. दोनशे सात जणांनी मत दिलं.

दुपारी जेवणं उरकून सगळे पुन्हा जमले आणि मोजणी सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला हरेश, दुसऱ्या बाजूला फेबियन, मधे लुसीबाई. प्रत्येक मतपत्रिका दोघांना दाखवून त्या करंडीच्या किंवा सायकलच्या गठ्ठ्यावर ठेवत होत्या. जवळजवळ शेवटाला आल्यावर एक कागद उघडला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

शिक्का नव्हता. करंडीच्या चित्रावर, बरोब्बर मधोमध, एक स्वच्छ निळा अंगठा.

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि उरलेले उघडले. करंडी एकशे तीन. सायकल एकशे तीन.

"आणि तो?" हरेशने बाजूच्या कागदाकडे बोट केलं. "तो करंडीवर आहे, मॅडम. आंधळ्यालासुद्धा दिसेल. एकशे चार झाले माझे!"

"सातवा नियम," फेबियन झटकन म्हणाला. त्याने फळ्यावरचा कागद वाचला होता.

सभागृहात गलका उडाला. लुसीबाईंना क्षणभर त्या जुन्या बैठकीची खोली दिसली, मधलं लांब टेबल, आपण तावातावाने लिहिलेलं विरोधाचं टिपण. आज इथे अडवायला ना अध्यक्ष होते ना समिती. मंडळाच्या घटनेत अंगठ्याबद्दल अक्षर नव्हतं. हो म्हटलं तर जवळजवळ तीस वर्षांपूर्वी हरलेला वाद आज जिंकता आला असता. पण नियम फळ्यावर लागला होता, आणि काना-मात्रा बदलणार नाही असं त्यांनीच तोंडभरून सांगितलं होतं.

त्या काही बोलणार तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, अंगठा कोणाचा ते बघा की! सह्या तर सगळ्यांनीच केल्यात. ज्याच्या अंगठ्याला शाई, त्याचं ते मत!"

"हात दाखवा रे सगळे!" दुसऱ्याने दुजोरा दिला. फेबियनच्या बाजूची दोन तरणी पोरं उठून रांगांमधून फिरू लागली. हसत होती, चेष्टाच करत होती, पण शेजारणी शेजारणींचे हात बघू लागल्या. लुसीबाईंची नजर दुसऱ्या रांगेवर गेली. रखमाबाई ताठ बसल्या होत्या आणि त्यांचा डावा हात पदराखाली होता. पदर वरून उजव्या हाताने घट्ट धरला होता. त्यांची शेजारीण, फेबियनची मावशी, त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

समितीचे अध्यक्ष काय म्हणत होते ते लुसीबाईंना त्या घडीला कळलं. वाचून, ऐकून, वाद घालून कळलं नव्हतं, ते एका म्हातारीच्या पदराकडे बघून कळलं.

त्यांनी तो कागद दुमडला, पाकिटात घातला, पाकिटाला लाख लावून वर सही केली. "हे मत बाद," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "समसमान मतं. निकाल चिठ्ठीने." आणि फिरणाऱ्या पोरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही दोघं खाली बसा. जागृती, शाईचं पॅड आण. निकालाच्या कागदावर इथे हजर असलेल्या प्रत्येकाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा लागेल. आधी उमेदवारांचा."

"सही चालेल ना?" हरेशने विचारलं.

"नाही."

जागृती पॅड आणताना कानाशी कुजबुजली, "मॅडम, असा नियम कुठे आहे?"

"आत्ता केला," लुसीबाई म्हणाल्या, आणि पहिला अंगठा स्वतःचा उठवला.

हरेशने अंगठा बुडवला, फेबियनने बुडवला. मग रांग लागली. एवढी शिकलीसवरलेली माणसं, बँकेतले, शाळेतले, सगळ्यांनी अंगठे निळे करून घेतले. पोरांना मजा वाटली. कोणी तरी शेजारच्याच्या गालाला लावला आणि हशा पिकला. रखमाबाई रांगेतून पुढे आल्या, पदरातला हात बाहेर काढून पॅडवर दाबला. लुसीबाईंनी मुद्दाम त्या वेळी चष्मा पुसायला घेतला. दहा मिनिटांनी सभागृहात निळा नसलेला अंगठा शोधून सापडला नसता.

दोन चिठ्ठ्या डब्यात पडल्या. काढणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा तुळशीदासकाका खुर्चीतूनच म्हणाले, "सगळ्यात वडीलधाऱ्याने काढावी. रखमाबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी."

ह्याला नाही म्हणायला कोणाकडे कारण नव्हतं. लुसीबाईंनी डबा पुढे केला. रखमाबाईंनी डोळे मिटले, हात घातला, चिठ्ठी काढली आणि न उघडता लुसीबाईंच्या हातावर ठेवली.

"फेबियन लोपीस," लुसीबाईंनी वाचलं.

टाळ्या, ओरडा, फटाक्याची एक माळ. त्या सगळ्या आवाजात रखमाबाईंच्या तोंडून निघालेलं "अगो बाय!" फक्त लुसीबाईंना ऐकू आलं. स्वतःच्याच हाताने दगा दिल्यासारखं ते तोंड बघून त्यांना हसू आवरेना, म्हणून त्या खाली वाकून कागद गोळा करू लागल्या.

हरेश दीड महिना फुरंगटून होता. वकिलाकडे जाऊन आला म्हणतात. पण मग फेबियनने टेम्पोच्या खेपांची पाळी ठरवून ती फळ्यावर लावायला सुरुवात केली, आणि हरेश रोज सकाळी येऊन ती तपासू लागला. चूक सापडली की मोठ्याने सांगायचा. फेबियन आधी चिडायचा, पुढे चूक होऊ नये म्हणून जपायला लागला, आणि एक दिवस वैतागून म्हणाला, "तूच लिही ना मग!" तेव्हापासून फळा हरेश लिहितो. अध्यक्ष आणि विरोधक अशी दोन्ही पदं लाभलेलं असं मंडळ तालुक्यात दुसरं नसेल.

रखमाबाई एका सकाळी रिक्षाने गासला आल्या, मोगऱ्याचा पुडा घेऊन. लविनाने त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी आवाज खाली केला.

"बाय, तो अंगठा माझा व्हता."

"असं का?" लुसीबाई म्हणाल्या.

"शिक्का सगळ्यांचा एकच. मंग त्यातलं माझं कुठचं, कसं कळावं? म्हनून अंगठा लावला. सरकारी कागदाला लावतो तसा. म्हटलं, माझं मत वळखू येऊ दे."

"ओळखू येऊ नये, म्हणूनच शिक्का सगळ्यांचा एक असतो, रखमाबाई."

म्हातारीने त्यावर थोडा विचार केला. मग कपाळावर हात मारला. "हे आधी कोन सांगनार? फळ्यावर लिवलं म्हनं. फळा वाचता आला असता तर अंगठा कशाला लावला असता? येवढी दिल्लीपर्यंत जाऊन आलीस नि शिक्का कसा मारायचा ते दाखवलं न्हायस!"

लविना आत खुदकन हसली. चाळीस वर्षांत परीक्षकांनी, संपादकांनी, सचिवांनी लुसीबाईंच्या कामात नाना चुका काढल्या होत्या. एवढी बिनतोड कोणी काढली नव्हती. त्यांना खूप बरं वाटलं.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "मग आता दाखवू या का? बायकांना जमवाल?"

"जमवते की. पन कागद खोटे आना हां, खरे नकोत."

त्याच आठवड्यात लुसीबाई आणि जागृतीने वर्गासाठी काढतात तशा खोट्या मतपत्रिका काढल्या. उमेदवारांच्या जागी माणसं नकोत, फुलं घालू या असं जागृतीने सुचवलं. पुढच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात पुन्हा ती चादर बांधली गेली. बावीस बायका आल्या, चार पुरुष आले आणि मागच्या बाकावर लाजत बसले. लुसीबाईंची दोन वाक्यं बोलून होतात न होतात तोच रखमाबाई उठल्या, शिक्का हातात घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "आत गेल्यावर कुनाचा ईचार करायचा न्हाय. नवऱ्याचा न्हाय, पोराचा न्हाय."

लुसीबाई हळूच मागे सरल्या, पुरुषांच्या शेजारी रिकाम्या जागेवर बसल्या, आणि वही उघडून लिहून घेऊ लागल्या.